चांगली दोन किलो

तुमच्या घरी ज्वारी निवडून झाली, की सुपाच्या कडेला जे उरतं ते कुठं जातं, सांगता येईल तुम्हाला? ज्वारीचं जाऊ द्या, गव्हाचं सांगा, तांदळाचं सांगा. नाही येणार. पुरुषमाणूस असाल तर नाहीच, आणि शिकलीसवरली बाई असाल तर पाकिटातलं पीठ आणत असाल. लाजवायला विचारत नाही. मलाही येत नव्हतं. त्रेचाळीस वर्षांचा होतो. आर्णीच्या बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान चालवत होतो, लोकांचे कागद छापता छापता कायदा वाचायला शिकलो होतो, साहेबांच्या टेबलावर हात आपटून बोलत होतो. आणि निवडण कुठं जातं हे मला माहीत नव्हतं. माझ्या त्या अज्ञानापायी लोणझरीच्या बौद्धपुऱ्याच्या नावावर जे लिहिलं गेलं, ते आजही फायलीत तसंच पडून आहे. म्हणून तिथल्या नलूताईची हकीकत सांगतो. मधून उठू नका.

नलूताई म्हणजे बाबारावची बायको. बाबाराव बाजारात पोती उचलायचा, ती रोजमजुरीला जायची. तेव्हा ती पन्नाशीला आली होती. अंगानं काडी, पण हाताची बोटं अशी लांब की बांगड्या भरणारा म्हणायचा, हे हात चुकून या घरी आले. तिचं माहेर नेरकडचं. माहेराहून तिनं दागिना आणला नाही, सूप आणलं. मेथीच्या आणि कागदाच्या लगद्यानं लिंपलेलं, कडेला चामड्याची पट्टी शिवलेलं. सूप फाटलं की दुसरं यायचं, पण लिंपायची ती स्वतः.

ज्वारी निवडण्यात तिचा हात धरणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. पाखडताना सूप किती वर उडवायचं, कधी घोळायचं, कधी नुसतं थोपटायचं, हे तिच्या मनगटाला ठाऊक होतं. खडा एकीकडे, गवताचं बी एकीकडे, किडका दाणा एकीकडे, काळा दाणा एकीकडे. आणि एक वेगळी जात होती, फिकट गुलाबी झाक असलेल्या दाण्यांची. त्यांना ती नवऱ्या म्हणायची. दिसायला साजऱ्या आणि पोटात कडू, म्हणून. "नवऱ्या पयले काढा," असं ती पोरीबाळींना शिकवायची. काळ्याला सगळे भितात, पण भाकर कडू करतात त्या नवऱ्या, हे तिचं म्हणणं. कोणत्या पुस्तकात वाचलं होतं तिनं? कुठल्याच नाही. जिभेनं वाचलं होतं.

लग्नकार्य असो की वर्षाचं धान्य भरायचं असो, तिला घराघरातून बोलावणं यायचं. गावचे मोठे शेतकरी किसनराव, त्यांच्याकडेही ती जायची. ओसरीच्या खाली, अंगणात बसून निवडायची. तिच्या हातचा दाणा थेट आतल्या कोठीत जायचा. ती आत जायची नाही. हे मी तिला एकदा बोलून दाखवलं, तर ती म्हणाली की दाणा गेला आत म्हणजे मीच गेली असं समजते. मला राग आला होता. मला पटकन राग येतो, ही माझी सवय आहे. पण तिला त्या हाताचा किती अभिमान होता हे तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

आता साल सांगतो. दोन हजार सहा. कापसानं जिल्ह्याची कंबर मोडली होती. त्या वर्षांत आमच्याकडे दिल्ली-मुंबईच्या गाड्या यायच्या. पत्रकार दुकानात येऊन पाणी प्यायचे आणि विचारायचे, आज कुठं झाली? झाली म्हणजे काय, ते बोलायची गरज नसायची. मी पत्ता सांगायचो, ते जायचे, सायंकाळी परत येऊन दुकानातून फॅक्स करायचे. कापसाशिवाय दुसरं काही सांगायला लागलं की त्यांचं पेन खिशात जायचं. यवतमाळात माणूस बातमीत यायचा तर मेल्यावरच.

त्या वर्षी दसऱ्याच्या मागंपुढं ज्वारीचं कणीस भरून उभं होतं आणि आठ दिवस पाऊस हटला नाही. संकरित ज्वारी, आम्ही तिला हायब्रीड म्हणतो. तिचं कणीस दाट, पाणी आत शिरलं की वाळत नाही. किसनरावांच्या सहा एकरांतली कणसं काळी पडली, मधे मधे गुलाबी. व्यापाऱ्यानं मूठ नाकाशी नेली आणि परत पोत्यात टाकली. कापूसही पडेल भावानं चाललेला. तेव्हा किसनरावांनी जाहीर केलं की यंदा वेचणीची मजुरी ज्वारीत मिळेल. तोही माणूस पोळलेला होता, हे मी खोटं नाही सांगणार. पण पोळलेला माणूस आपला चटका कोणाच्या हातावर ठेवतो, ते बघायचं असतं.

ज्वारी घरी आली तेव्हा वेचणी ऐन भरात होती. बोंडं फुटून लोंबत होती, वर पुन्हा आभाळ येत होतं, आणि किसनराव बांधावर उभे राहून घाई करत होते. बाया उजाडता निघायच्या, दिवेलागणीला परतायच्या. निवडायचं कधी? पोत्यातून टोपल्यात, टोपल्यातून गिरणीत. नलूताईनंही तेच केलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या घरचं दळण न निवडता गेलं. ही गोष्ट तिनं मला फार उशिरा सांगितली, आणि सांगताना माझ्याकडे न बघता चुलीकडे बघत होती.

भाकर कडसर लागली. जेवून उठल्यावर तासाभरात पोटात गुरगुर, मग मुरडा, मग जुलाब. एकतीस घरांच्या पुऱ्यात बावीस घरं आडवी झाली. बाबाराव सगळ्यांत जास्त, आठ दिवस तो भिंत धरून चालला. कोणी मेलं नाही. म्हणून कोणी आलं नाही. मी दोन पत्रकारांना फोन केले. एकानं विचारलं, डेथ किती? मी शून्य म्हटलं, तर म्हणाला बघतो. अजून बघतोच आहे.

आरोग्याची माणसं आली, विहिरीत पांढरी पावडर टाकली आणि पाणी दूषित असं लिहून गेली. मग चावडीवर बैठक झाली. तालुक्याचा एक साहेब आला होता. किसनराव आवाज न चढवता बोलले. म्हणाले, "ज्वारी माह्या वावरातली, पाणी याइच्या विहिरीतलं. घाण कोठची हाये थे साहेबानं पाहावं." चारदोन माना हलल्या. बायकांमध्ये बसलेल्या नलूताईनं पदर दातात धरला. आमच्या लोकांनी पन्नास वर्षांपूर्वी धर्म बदलला, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, घरं सारवून आरशासारखी ठेवली, आणि एवढं करून गावानं शब्द तोच शिल्लक ठेवला होता. घाण.

मी उठलो. मी म्हटलं, पुऱ्यात नऊ घरं अशी आहेत ज्यांची माणसं वेचणीला गेली नाहीत. ती रेशनचा गहू खाऊन आहेत. विहीर तीच, दोर तोच, बादली तीच. त्यांच्या पोटाला काय झालं? काहीच नाही. मग घाण विहिरीत कशी? साहेबानं घड्याळाकडे बघितलं. शेवटी एवढं कबूल केलं की ज्वारी तपासून घ्या. नमुना तुम्हीच पाठवा, अहवाल विरोधात आला तर किसनरावांची उरलेली पस्तीस पोती सील करतो, तोवर ती कोणाला वाटायची नाहीत. ती पोती पुढच्या वेचणीला खेमसिंग नायकाच्या तांड्यावरच्या मजुरांना जाणार होती, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे एका चाचणीवर दोन्ही ठरणार होतं. घाण कोणाची, आणि तांडा ती खाणार की नाही.

चाचणी करणार कोण? नेरची एक पोरगी, निकिता, तिच्या बापाच्या जमिनीचे कागद मी कधी छापले होते. ती एका कृषी प्रयोगशाळेत काम करायची, बसनं पाच-सहा तासांवर. तिला फोन केला. तिनं शांतपणे सांगितलं की दादा, दोन किलो आणा, पोत्याच्या वरून, मधून, तळातून थोडी थोडी घ्या, आणि आहे तशी आणा.

आहे तशी. तिचा शब्द होता तो. तो माझ्या कानात होता. तोंडात आला दुसराच.

स्कूटर बांधावर लावली तेव्हा नलूताई पार तिकडच्या टोकाला वेचत होती. मी इकडूनच ओरडलो, "नलूताई, चांगली दोन किलो ज्वारी काढून ठेव. तपासाले जाऊन राह्यली. उद्या सकाळी नेतो." तिनं मान हलवली. मला म्हणायचं होतं, भरपूर दोन किलो, मापाला कमी नको. आपण नाही का म्हणत, चांगले चार दिवस राहा, चांगला तासभर बसलो? तसं. माझी पोरं घरात तसं बोलतात, तुमचीही बोलत असतील.

सकाळी गेलो तर ती न्हाऊन तयार. हातात पांढऱ्या धुवट लुगड्याच्या फडक्याची पिशवी, तोंड सुईदोऱ्यानं शिवलेलं. मी उचलून वजन बघितलं. उघडून बघितली नाही. तिनं विचारलं की मॅडम स्वतः आपल्या डोळ्यानं बघणार का. मी हो म्हटलं. "मंग बरं," ती म्हणाली. मला वाटलं, बाई धीराची आहे.

प्रयोगशाळेत निकितानं मला कोपऱ्यात स्टूल दिलं आणि काय करणार ते समजावलं. मी सातवीतून शाळा सोडलेली, पण समजावणारा नीट असला तर डोकं चालतं माझं. ती म्हणाली, बुरशी डोळ्यांना दिसेलच असं नाही, दाण्याच्या पोटात असते. सगळ्या बुरशा विष करत नाहीत. ज्या करतात, त्यांच्या पेशीत विष कसं बनवायचं याची कृती लिहिलेली असते, ती जनुकं. आपण दाण्याचं पीठ करायचं, त्यातून डीएनए वेगळा काढायचा, आणि यंत्रात घालून गरम, थंड, परत गरम, असं पस्तीस वेळा. आपण शोधतो ती कृती त्यात असली तरच तिच्या प्रती निघत जातात, लाखो. नसली तर काहीच निघत नाही.

म्हटलं, म्हणजे झेरॉक्स. मूळ कागद असला तर कॉपी, नसला तर कोरा. ती हसली, म्हणाली दादा, यापेक्षा सोपं मलाही सांगता आलं नसतं. मग त्या प्रती एका जेलीसारख्या पातळ वडीत सोडतात आणि खास दिव्याखाली धरतात. सापडलं तर नारिंगी पट्टी चमकते. शेजारी एक ओळ ओळखीच्या बुरशीची ठेवतात, एक नुसत्या पाण्याची. म्हणजे यंत्र खोटं बोललं तर तिथंच पकडलं जातं. मला ते यंत्र आवडलं. चावडीवर असं एखादं पाहिजे, वाटलं.

तिनं हेही सांगितलं की ज्वारीवर काळं जे दिसतं त्यापेक्षा गुलाबी जास्त वाईट, विष करणारी जात बहुतेक त्यात असते. नवऱ्या. मी तिला नलूताईचं सांगितलं. तिनं वहीत टिपून घेतलं. मी परतीच्या बसमध्ये छाती फुगवून बसलो होतो, जणू ते मीच शोधून काढलं.

बारा दिवसांनी अहवाल आला, साहेबाच्या नावानं. चावडीवर परत सगळे जमले. साहेबानं चष्मा लावला आणि वाचलं: पुरवलेल्या नमुन्यात विषनिर्मितीक्षम बुरशीचा जनुकीय अंश आढळून आला नाही.

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग किसनराव बोलले, तेही जवळजवळ मायेनं. म्हणाले, "नलू, आता तरी विहिरीवर धुणं धुयाचं बंद करा बाप्पा."

तेव्हा ती उठली. मी तिला एवढ्या माणसांत उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं.

"साहेब, त्याच्यात घाण कशी सापडन? मी निवडून देल्ली होती. दोनदा."

क्षणभर कोणाला उमगलं नाही. मग मागून कोणीतरी हसलं, आणि मग सगळी चावडी हसली. साहेबानं चष्मा काढला. म्हणजे नमुना तुम्ही बदलला? तिनं माझ्याकडे बोट नाही दाखवलं, नुसतं बघितलं. म्हणाली, "भाऊनं चांगली मांगतली होती."

मला तोंड आहे, सगळा तालुका जाणतो. त्या दिवशी ते उघडलं नाही. चावडी उठली. साहेब निघताना मी त्याच्या हातातून अहवाल घेऊन पूर्ण वाचला, तळापर्यंत, कारण तळ वाचणं हाच माझा धंदा. खाली शेरा होता: नमुना अत्यंत स्वच्छ, बहुधा निवडलेला, मूळ साठ्यातून पुन्हा नमुना घ्यावा. साहेबानं तेवढंच वाचलं नव्हतं. मी दाखवलं तर म्हणाला की शेरा म्हणजे निष्कर्ष नव्हे, आणि जीपमध्ये बसला.

साहेबाचा राग मी कोणावर काढला? तिच्यावर. रस्त्यात गाठून विचारलं, "कोनं सांगतलं होतं तुले निवडाले?"

"तुमीच." आणि थांबून म्हणाली, "माह्या घरची ज्वारी मॅडमच्या टेबलावर जाईन, अन् तिच्यात खडे, काळे, नवऱ्या? घाणीचे म्हणतेच ना आमाले. त्याचा नमुना मी माह्या हातानं देऊ?"

अर्धा दिवस वेचणी बुडवून ती बसली होती त्यासाठी. उन्हात, दारात, दाणा दाणा. जगातल्या कुठल्याही बाईला घाण म्हणा आणि मग तिच्या घरचं धान्य बघायला मागा, ती दुसरं काय करील? हे मला कळायला हवं होतं. मी कायद्याची कलमं पाठ केली होती. सूप कधी हातात धरलं नव्हतं.

मजुरीची ज्वारी पुऱ्यातल्या बायांनी तोवर निवडून तरी घेतली होती, नाहीतर फेकून दिली होती. तेव्हा मी तो प्रश्न विचारला, जो तुम्हाला सुरुवातीला विचारला. निवडण कुठं गेलं? ती म्हणाली, "कोंबड्याइले." तिच्या सातांपैकी तीन कोंबड्या त्या पंधरवड्यात मान टाकून मेल्या होत्या, उरलेल्या अंड्यावर बसेनात. तिला वाटलं होतं, मानमोडीची साथ आली. आम्ही दोघं पळतच घरी गेलो. खुराड्यामागं फुटक्या मडक्याच्या बुडात दोनेक मुठी उरल्या होत्या. काळे, किडके, गुलाबी. मी खिशातला झेरॉक्सचा कोरा कागद काढून त्यात बांधले. या वेळी तिनं हात मागं ठेवले होते. म्हणाली, तुमीच बांधा भाऊ, माहा हात लागला का चांगलं होते.

निकितानं ते काम सुटीच्या दिवशी, कोणाला न विचारता केलं. दोन्ही फोटो तिनं शेजारी ठेवून दाखवले. पहिल्यात ओळखीच्या बुरशीची पट्टी, पाण्याची जागा कोरी, आणि आमची जागा कोरी. दुसऱ्यात आमच्या जागेवर जाडजूड पट्टी पेटलेली. ती म्हणाली, "दादा, हे एकाच पोत्यातलं आहे. जे वेगळं करायला मला एवढं यंत्र लागतं, ते तुमच्या बाईनं हातानं आधीच केलं होतं." एक गोष्ट मात्र तिनं बजावून सांगितली. पट्टी म्हणजे विष करू शकणारी बुरशी तिथं आहे. विष किती झालं हे मोजायची चाचणी वेगळी, तिला नमुना जास्त लागतो. खोटं सांगणार नाही, म्हणाली. मला त्या पोरीचा आदर वाटतो.

साहेबाला तेवढंच पुरलं. हा कोंबड्यांच्या खुराड्यातला केर आहे, म्हणाला, याला नमुना कोण म्हणेल. आणि यात विष सापडलंय कुठं, विष करू शकणारी बुरशी सापडली आहे. मी म्हटलं, साहेब, तुमच्या घरात रात्री कोयता घेतलेला माणूस सापडला, तर त्यानं अजून मारलं कुठं असं म्हणून चहा पाजाल का त्याला? त्यानं शिपायाला बोलावून मला बाहेर काढलं. बाहेर व्हरांड्यात शिपाई हळूच म्हणाला की भाऊ, पोती तर कालच तांड्यावर गेली.

मी लोणझरीला येऊन नलूताईला हे सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. वाटलं रडेल, शिव्या देईल. तिनं हात धुतले, खुंटीवरचं सूप काढलं आणि चालायला लागली. तांडा तिथून कोसभर. मी स्कूटर घेऊन मागं गेलो, बस म्हटलं, बसली नाही.

खेमसिंग तांड्याचा नायक, सत्तरीचा, दारात बसला होता. चावडीवरचा अहवाल तांड्यावर कधीच पोचला होता. त्यानं तिला पाणी दिलं आणि म्हणाला, "बाई, कागद तं म्हनते ज्वारी चांगली हाये."

"कागदावरची चांगली म्या केली," नलूताई म्हणाली. "तुमची अजून व्हयाची हाये."

तिनं एक पोतं सोडायला लावलं. सूप भरलं, उडवलं. पाच मिनिटांत तिच्या गुडघ्याशी गुलाबी दाण्यांची रास लागली. तिनं त्यातली चिमूट खेमसिंगच्या तळहातावर ठेवली आणि चावून बघा म्हटलं. त्यानं चावली, थुंकली, आणि आत बायकांना हाक मारली. तांड्यावरच्या बायका आपापली सुपं घेऊन आल्या. दोन दिवस ती तिथं बसली. एकेकीच्या सुपात वाकून बघायची, ही राहिली, ही राहिली म्हणून बोट ठेवायची. तिच्या पिशवीत यंत्राला एक पट्टी सापडली नव्हती, तरी ती तांड्यावर सांगत होती की शंका वाटली तर फेका, पोटाची पोटाला कळते. ज्या घरांनी आदल्या दिवशीच दळण आणलं होतं, त्यांची पोटं बिघडलीच. पाच-सहा घरं. कोणी मेलं नाही. कोणी आलं नाही.

गावात परत आल्यावर तिला वेचणीवरून कमी केलं. मग निवडायला बोलावणंही बंद झालं, आधी किसनरावांकडचं, मग त्यांच्या ऐकण्यातल्यांचं. तोंडावर कोणी काही बोललं नाही. मशीनवर साफ केलेलं धान्य आणतो आता, एवढंच. पुढं तर ज्वारीच गेली शिवारातून, सगळीकडे सोयाबीन. सूप खुंटीवर राहिलं, लिंपण उडून बांबू दिसायला लागला. बाबाराव गेला, म्हातारपणानं. तिचे गुडघे गेले.

मी तीन अर्ज केले. तिन्हींचं उत्तर एकाच ओळीचं, प्रकरण निकाली काढण्यात आले आहे. फायलीत अजून लिहिलेलं आहे की लोणझरीच्या बौद्धपुऱ्यात अस्वच्छतेमुळे पोटाचे विकार झाले, धान्यात दोष आढळला नाही. त्यात खाली माझीही सही आहे, नमुना सादर करणारा म्हणून. ती सही बघितली की हात कापावासा वाटतो.

निकितानं दिलेल्या दोन फोटोंची मी काळी-पांढरी प्रत काढून नलूताईला दिली होती. ती तिनं पिठाच्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवली आहे. कोणी आलं की काढून दाखवते. पेटलेल्या पट्टीवर बोट ठेवून सांगते, हे किसनरावची ज्वारी. मग शेजारच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवते आणि म्हणते, "अन् हे रिकामं दिसते ना, हा माहा हात." मागच्या महिन्यात गेलो तेव्हा तिनं परत विचारलं, कागद बदलला का भाऊ? मी नाही म्हटलं. तिनं डबा बंद केला.

तो कागद बदलणार नाही. माझ्यात दम होता तोवर नाही बदलला, आता कसला बदलतो. पण पाऊस अजूनही कणसावर पडतो, आणि पडेल भावाचं धान्य अजूनही कोणाच्या तरी मजुरीत, कोणाच्या तरी शाळेच्या खिचडीत जातं. म्हणून एवढं करा. तुमच्या दारात आलेल्या धान्यात गुलाबी-काळा दाणा दिसला, तर सूप हातात घ्यायच्या आधी पोत्याच्या वरून, मधून, तळातून थोडं थोडं काढा. दोन किलो. खड्यांसकट, किड्यांसकट, घाणीसकट. कागदाच्या पिशवीत बांधा, प्लास्टिकमध्ये नको, घाम धरतं. वर तारीख लिहा आणि देणाऱ्याचं नाव लिहा. लाजू नका, ती घाण तुमची नाही. आणि दारात निवडत बसलेल्या एखाद्या बाईकडे नमुना मागायची वेळ आली, तर माझ्यासारखं बांधावरून ओरडू नका. तिच्याजवळ जा, खाली बसा, आणि आहे तशी मागा.